चंद्रभागामावशीचं अर्थिंग

वायरमनला लोक दोनच वेळी बोलावतात. घरात लग्न निघालं की, नाहीतर घरातली लाइन गेली की. पहिल्या वेळी सगळे आनंदात असतात आणि वायरमनकडे कुणाचं लक्ष नसतं. दुसऱ्या वेळी सगळे वैतागलेले असतात आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच असतं. स्टुलावर चढलेल्या माणसाला खालून अख्खं घर अक्कल शिकवतं, पण त्यातल्या एकालाही बॅटरीचा उजेड नीट धरता येत नाही. सेलू, केळझर आणि वर्ध्याचा थोडा भाग हा माझा पट्टा. उभी हयात या पट्ट्यातल्या छतांकडे मान वर करून बघण्यात गेली. आता मान दुखते. डॉक्टर म्हणतात, रामदासजी, खाली बघत जा. खाली बघितलं की मला चंद्रभागामावशी आठवते.

तिची गोष्ट सांगण्याआधी धंद्यातलं थोडं सांगावं लागेल. वीज दोन तारांवर चालते. एकीतून येते, दुसरीतून परत जाते. तिसरी तार असते हिरवी. ती काहीच करत नाही. तिचं एक टोक यंत्राच्या लोखंडी अंगाला बांधलेलं असतं आणि दुसरं जमिनीत पुरलेल्या लोखंडी पाइपाला. आत कुठे वायर सोलली आणि वीज वाट चुकून यंत्राच्या अंगावर आली, तर ती या हिरव्या तारेतून जमिनीत निघून जाते, जाता जाता फ्यूज उडवते, आणि यंत्राला हात लावलेला माणूस वाचतो. याला म्हणायचं अर्थिंग. रोजच्या कामात तिचा उपयोग शून्य, त्यामुळे गिऱ्हाईक काटकसर करायला निघालं की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते.

वर्ध्याला एक कापसाचे व्यापारी होते. नवं घर बांधलं तेव्हा मला बजावून सांगितलं, "रामदासभाऊ, दक्षिणेच्या भिंतीवर एकही बटन नको. यमाची दिशा आहे." मी मान्य केलं. नंतर म्हणाले, "आणि ते अर्थिंग-बिर्थिंग राहू द्या, त्याचं काही काम पडत नाही." म्हणजे यमाला पुढच्या दाराला कडी आणि मागच्या दाराने चहाचं आमंत्रण! दुसऱ्या एका गावात पाटलांच्या घरी फ्यूजमध्ये तार नव्हतीच, चांगला जाडजूड खिळा होता. "घडीघडी उडत होता, म्हनून खियाच टाकला. आता नाई उडत," पाटील कौतुकाने म्हणाले. मी म्हटलं, "बरोबर आहे. आता तुमी उडसान." पाटलांनी हसून टाळी दिली, खिळा तसाच राहिला. असल्या लोकांशी भांडून भांडून माझा स्वभाव थोडा तिखट झाला आहे, असं घरी म्हणतात. घरच्यांचा याबाबतीतला अनुभव मोठा आहे, म्हणून मी वाद घालत नाही.

तर नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. केळझरच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं. तिथल्या अरुण सुताराचा निरोप आला, मागच्या कोठ्यात लाइन घ्यायची आहे, येऊन बघून जा. कोठा म्हणजे आमच्याकडे गोठा. अरुणचा बाप बंड्या बांधायचा, आणि बंडी म्हणजे बैलगाडी. पण ट्रॅक्टर आले आणि बंड्यांची मागणी आटत गेली. अरुणने घरचे बैल विकले, कोठा झाडून काढला, वर आणि बाजूंनी टिनाचे पत्रे ठोकले, आणि नागपूरहून जुनी खराद मशीन आणली. लाकूड गरगर फिरवून त्याचे पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब घडवते ती. सोबत मोटारीवर चालणारा एक रंधाही होता. यंत्रं येऊन बसली होती. लाइनचीच वाट होती.

मी सायकल भिंतीला लावून मागे गेलो, तर कोठ्याच्या दारात एक बाई सुपात तुरीची डाळ पाखडत बसलेली. हडकुळी, कपाळ कोरं, नजर मात्र अशी की टेस्टरशिवाय करंट ओळखेल.

"कोन होय तू?"

"वायरमन."

"मंग वापस जा."

मागून अरुण धावत आला. ही त्याची आई, चंद्रभागामावशी. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. त्याचा बाप विहिरीवरची मोटर चालू करायला गेला होता. मोटरच्या अंगावर करंट उतरलेला होता. पाय ओल्या चिखलात, हात मोटरवर. मावशी भाकरी घेऊन वावरात, म्हणजे शेतात, पोचली तेव्हा तो तिथेच पडलेला होता. तेव्हापासून घरात समोरच्या खोलीत एकच दिवा, आणि त्याचं बटण मावशी कधीही बोटाने दाबत नसे. लाटण्याने दाबायची. कोरडं लाटणं त्यासाठी वेगळं ठेवलेलं होतं, त्याला पोळपाटाजवळ जायची परवानगी नव्हती.

"माय, लाइन नाई तं मशीन नाई," अरुण तिला म्हणाला. "अन् मशीन नाई तं मी चाललो बुटीबोरीले. कारखान्यात बोलावून राह्यले मले."

"जा. बुटीबोरीले जाशीन तं महिन्यानं का होईना, घरी येशीन. तुहा बाप वावरात गेलता. तो आला नाई."

मी पिशवी उचलली. पण आमच्या भागात दारात आलेल्याला चहा न देता परत पाठवत नाहीत, मग तो वायरमन का असेना. मावशी उठली, चहा करून आणला, कप माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा सूप घेऊन बसली. मी निम्मा चहा प्यालो असेन तेव्हा तिने खाली मान घालूनच विचारलं, "मले एक सांग. तिथं पानी होतं, लोखंड होतं, बाजूले निंबाचं झाड होतं. एवढं सारं सोडून तो करंट माह्या मानसातच काऊन गेला?"

इतकी वर्षं काम करत होतो, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक विचारतात, किती दिवस लागतील आणि किती खर्च येईल. मी कप खाली ठेवला.

"मावशी, करंटले जमिनीत जाची घाई असते. त्याले दुसरं काई समजत नाई. मोटरच्या अंगावर आला अन् जमिनीत जायले वाट नोयती. मालक मधात उभे होते. अनवानी, ओल्यात. त्यायच्यातून गेला."

सूप थांबलं. "म्हंजे त्याले मानूस नोयता पाह्यजे. वाट पाह्यजे होती."

"हो."

"मंग त्याले वाट द्याची."

अर्थिंग म्हणजे काय हे मी पुढे असंख्य लोकांना समजावलं, पण तिच्यापेक्षा कमी शब्दांत मला कधी जमलं नाही. मी तिला हिरव्या तारेचं सगळं सांगितलं. ती तार काहीच काम करत नाही, वर्षानुवर्षं नुसती बसून असते आणि एखाद्याच दिवशी उपयोगी पडते, हेही सांगितलं. मावशी पहिल्यांदा हसली. "माह्यासारखीच मंग. बसून राह्यते घरात."

अशी मला परवानगी मिळाली.

टिनाच्या शेडचं वायरिंग हे नाजूक प्रकरण असतं. विटांच्या घरात एक वायर सोलली तर एक भिंत फार तर चुणचुणते. टिनाच्या शेडमध्ये एक वायर पत्र्याला टेकली की छत, भिंती, दार, कडी, सगळं एकदम जिवंत होतं. म्हणून पत्र्याला जिथे भोक, तिथे रबर. आणि शेडचे पत्रेसुद्धा जाड तारेने अर्थिंगला बांधायचे. तेव्हा वायरिंग लाकडी पट्टीवर करत. मी नेलेल्या पट्ट्या अरुणने हातात घेतल्या, वाकवल्या आणि परत दिल्या. "रामदासभाऊ, सुताराच्या घरी असलं लाकूड?" त्याने सागवानाच्या पट्ट्या स्वतः काढल्या. इतक्या सरळ पट्टीवर मी त्याआधी आणि त्यानंतर वायर ओढलेली नाही. प्लग मी कमरेच्या उंचीवर घेतले, कारण खाली घेतले की त्यात भुसा जातो. आणि खरादीच्या डोक्यावर ट्यूबलाइट न लावता साधा पिवळा बल्ब लावला. अरुण खट्टू झाला, त्याला ट्यूबचा पांढरा उजेड हवा होता. पण ट्यूबच्या उजेडात गरगर फिरणारं लाकूड कधी कधी थांबल्यासारखं दिसतं. डोळा फसतो आणि माणूस हात घालतो. हे सांगितल्यावर मावशीनेच फर्मान काढलं, "पिवळाच लाव."

अर्थिंगचा खड्डा मी न्हाणीजवळ घ्यायला सांगितला. तिथे आपसूक पाणी मुरतं, खड्डा कायम ओला राहतो, पुन्हा बघायला नको. सगळे वायरमन असंच करतात. मावशी म्हणाली, "नाई. ज्याच्यावर माह्या लेकराचा जीव, ते खरकट्या पान्यात काऊन?" मी पुष्कळ समजावलं. ती हलली नाही. शेवटी खड्डा तुळशीपलीकडे, कोठ्याच्या भिंतीलगत खणला. पाइप उभा केला, सभोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरायला लागलो. मीठ बघून मावशीने विचारलं कशाला, तर मी सांगितलं, मीठ ओल धरून ठेवतं. ती आत गेली, घरच्या डब्यातलं मूठभर मीठ घेऊन आली, खड्ड्यात उभ्या असलेल्या अरुणवरून ओवाळलं, ओठांत काहीतरी पुटपुटली आणि ती मूठ खड्ड्यात सोडली. दृष्ट काढलेलं मीठ चुलीत टाकतात. अर्थिंगमध्ये टाकलेलं मी तेवढंच पाहिलं.

काम संपलं तेव्हा मी तिला चाचणी दाखवली. एका बल्बची एक वायर लाइनला लावली आणि दुसरी सरळ अर्थिंगच्या पाइपाला. बल्ब लख्ख पेटला. "पाहा मावशी, वाट मोकळी आहे, म्हनून पेटला." ती जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मशीन चालू कर. अन् आधी तू हात लाव. चप्पल काढून." मी चप्पल काढली, खरादीला हात लावला, पत्र्याला लावला, दाराला लावला. तिने माझ्या चेहऱ्याकडे बारीक नजरेने बघितलं आणि मगच अरुणला पुढे जाऊ दिलं. अरुणने त्या मशीनवर पहिली वस्तू काढली ती आईसाठी नवं लाटणं. बाभळीचं, गुळगुळीत. मला वाटलं आता ते तरी पोळ्यांना लागेल. पण ते बटणासाठीच गेलं, जुनं पोळ्यांकडे आलं.

बुटीबोरीला अरुण गेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक जास्तीचा प्लग काढायला मी तिथे गेलो. मावशी म्हणाली, "तो बल्ब लावून दाखव बरं." मी लावला. पेटला, पण मलूल, रॉकेलच्या चिमणीसारखा. आमची काळी जमीन वैशाखात अशी भेगाळते की आत पाय जावा. ती भेग पाइपाभोवती पडली होती आणि मीठ-कोळसा कोरडाठाक झाला होता. मावशीचा चेहरा उतरला. मी कळशीभर पाणी मागवलं, पाइपाच्या तोंडाशी हळूहळू सोडलं, थोडा वेळ थांबलो आणि पुन्हा बल्ब लावला. या वेळी उजेड वाढलेला स्पष्ट दिसला.

"पानी पेते हा," ती म्हणाली.

"उन्हाळ्यात रोज पाजा लागते."

"मंग पाजीन."

आणि तिने पाजलं. सकाळी तुळशीला एक गडवा, म्हणजे तांब्याभर पाणी, आणि पाइपाला एक गडवा. गावाला टँकर येऊ लागला त्या उन्हाळ्यातसुद्धा पाइपाचा गडवा चुकला नाही. अरुण सांगायचा, "माय एखादवेळी मले चहा देनं भुलते, त्याले पानी देनं नाई भुलत." वर्षभराने गेलो तर पाइपाला हळदकुंकू लागलेलं. आणखी काही दिवसांनी शेंदूर. मग बाजूला एक गुळगुळीत दगड, त्यावर झेंडूचं फूल. केळझरच्या गणपतीला पायी जाणारे लोक मागच्या वाटेने जाताना हात जोडू लागले. मी हसायचो. "मावशी, माह्या अर्थिंगचा देव केला का हो?" तर म्हणायची, "तुले काय करायचं? तू आपला बल्ब लाव." मी बल्ब लावायचो, लख्ख पेटायचा, मी चहा पिऊन निघायचो. मनात म्हणायचो, भाबडी आहे बिचारी. भाबडं कोण होतं ते पुढे कळलं.

दरम्यान अरुणचं लग्न झालं. सून सुनंदा, समुद्रपूरकडची, कामाला वाघीण. तिचे वडील फार देवभोळे गृहस्थ. एका वर्षी होळीनंतर ते लेकीला भेटायला आले. मावशी बहिणीकडे गेली होती. व्याह्यांनी मागच्या अंगणात हा उघड्यावरचा देव पाहिला आणि त्यांचं मन द्रवलं. त्यांनी स्वतःच्या हाताने सिमेंट कालवलं, पाइपाभोवती छान चौकोनी ओटा बांधला, वर गुळगुळीत फरशी बसवली, पाइपाचं तोंड झाकून त्यावर तो दगड बसवला. पुण्याचं काम म्हणून अरुणनेही विटा आणून दिल्या. रोज पाहूनही त्याच्या डोक्यात आलं नाही की आता पाणी जाणार कुठून.

मावशी परत आली, ओटा बघितला, आणि पदर खोचून सब्बल, म्हणजे पहार, शोधायला लागली.

मला निरोप आला तो पाइप फुटला का बघायला. मी पोचलो तर ओट्याचे तुकडे अंगणभर, मावशी घामाघूम, आणि व्याही खाटेवर तोंड फिरवून बसलेले. "तुमीच सांगा वायरमन," ते मला म्हणाले, "देवाच्या ओट्यावर सब्बल चालवते का कोनी?"

"देवाले ओटा नाई लागत," मावशी म्हणाली. "पानी लागते."

"मंग शेंदूर काऊन लावला तुमी?"

मावशीने सब्बल भिंतीला टेकवली. "भाऊजी, हा लोखंडाचा पाइप होय. अर्थिंग म्हटलं असतं, तं भंगारवाल्यानं कवाच उपटून नेला असता. पोट्ट्यायनं त्याच्यावर गोटे मारले असते, कोनी बंडी टेकवली असती, कोनी थुंकलं असतं. देव म्हटलं, कोनी हात लावला नाई. एवढ्या वर्षात तुमीच पहिले."

व्याही बघतच राहिले. मीही. मग ते खो खो हसायला लागले, मोठ्या मनाचा माणूस, उठून स्वतः तुकडे वेचू लागले. मी पाइप तपासला. शाबूत होता. पण तोंड बंद राहिल्याने आत खडखडीत कोरडा. मावशीने त्या दिवशी त्याला एक नाही, चांगल्या घागरी भरून पाणी पाजलं.

त्याच वर्षीच्या वैशाखातली ही पुढची गोष्ट. दुपार टळल्यावर वावधन सुटलं. वावधन म्हणजे आमच्याकडचं वादळ, धूळ घेऊन येतं आणि पत्रे घेऊन जातं. भारनियमनाचे दिवस होते. लाइन पाहिजे तेव्हा नसायची, त्या दिवशी मात्र नको तेव्हा होती. शेडच्या कोपऱ्याला बांधलेल्या लोखंडी तारेवर धुतलेले कपडे वाळत होते. सुनंदा ते गोळा करायला धावली. पहिले टपोरे थेंब पडत होते, पाय अनवाणी, एक हात तारेवर, दुसऱ्या हातात ओला चादरीचा गोळा. तेवढ्यात छताचा एक पत्रा वाऱ्याने उचलला गेला आणि आदळला. शेडमधला दिवा गेला.

ती कपडे घेऊन घरात आली. अंगावर पाणी, केसांत धूळ. कुणाला काही वाटलं नाही. वावधनात दिवे जातातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. फ्यूज काढला, तर तार पार जळलेली. नुसती लाइन गेली तर फ्यूज उडत नाही. मी शिडी लावून वर चढलो. आदळलेल्या पत्र्याच्या धारेने सागवानी पट्टीवरची वायर कापली होती. तांबं पत्र्याला चिकटून काळं पडलं होतं. म्हणजे लाइन पत्र्यावर उतरली होती. पत्र्यावर म्हणजे शेडवर. शेडवर म्हणजे कपड्यांच्या तारेवर.

मी वरूनच विचारलं, "काल वावधनात शेडले कोनी हात लावला होता का?"

"मी कपडे काढून राह्यलती," सुनंदा म्हणाली. "हाताले मुंग्या आल्यासारखं झालं जरासं, अन् दिवा गेला. मले वाटलं, वाऱ्यानं असंन."

मी शिडीवरून खाली उतरलो. मी त्यांना जवळ बोलावून सगळं सांगितलं. लाइन शेडवर उतरली, वाट चुकली, पण वाट ओली होती. म्हणून ती डोळ्याचं पातं लवायच्या आत जमिनीत गेली आणि फ्यूज उडाला. होळीनंतरचा ओटा तसाच राहिला असता, पाइप कोरडा असता, तर फ्यूज उडाला नसता. अरुण भुशातच मटकन खाली बसला. विटा त्यानेच आणून दिल्या होत्या. सुनंदा आपल्या तळहाताकडे बघत राहिली.

मावशी आत गेली, गडवा भरून आणला, पाइपाला पाणी घातलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"याच्या बापाच्या मोटरले हे होतं का?"

मी ती मोटर कधी पाहिलेली नव्हती. पण त्या काळी आमच्याकडच्या विहिरींवर काय असायचं ते मला ठाऊक होतं, आणि तिच्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना.

"नाई, मावशी. नसंन."

तिने मान हलवली. "एका पाइपाची गोष्ट होती," एवढंच म्हणाली. ती रडली नाही. मीच रडलो, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मी वायर बदलली, नवा फ्यूज बांधला आणि अरुणला म्हटलं, दिवा लाव. अरुण उठायच्या आत मावशी पुढे झाली. बाभळीचं लाटणं खुंटीवर लटकत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटाने बटण दाबलं. दिवा लागला. ती ते बोट पदराला पुसत माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या येजो. वावराकडं जाचं आहे."

घरी आल्यावर मी आधी मागच्या अंगणात गेलो. माझ्या स्वतःच्या घरच्या अर्थिंगवर बायकोने मोगऱ्याची कुंडी ठेवलेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. कुंडी सरकवली, बादलीभर पाणी ओतलं. बायकोने खिडकीतून विचारलं, आज काय पाहून आलात? मी म्हटलं, एक देव पाहून आलो.

दुसऱ्या दिवशीपासून मावशी विहिरी फिरायला लागली. मी पिशवी घेऊन तिच्या मागे. ज्या शेतकऱ्यांशी अर्थिंगवरून भांडून माझी जीभ झिजली होती, त्यांच्याशी ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून दोन वाक्यं बोलायची. "माहा मानूस गेला. माही सून राह्यली. मधात हे." आणि माझ्या हातातल्या पाइपाकडे बोट दाखवायची. त्यावर वाद घालणारा कुणी भेटला नाही. पाइप पुरला की ती पदराच्या गाठीतून हळदकुंकू सोडून लावायची आणि घरच्या बाईला बोलावून सांगायची, उन्हाळ्यात याला रोज पाणी. बाप्यांना सांगायची नाही. म्हणायची, "बाप्ये ओटा बांधतात."

आता मावशी नाही. झोपेत गेली, आपल्या घरात, सून उशाशी. अरुणचा तो कोठा आता मोठा कारखाना झाला आहे, वायरिंग सगळं नवं, करंट चुकला की आपोआप बंद होणारं यंत्र बसवलेलं. तरी तुळशीपलीकडचा पाइप आहे आणि सुनंदा त्याला पाणी घालते. मी काम सोडलं. आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी धंदा शिकवला. उस्तादांनी पक्कड धरायला शिकवली, चुकलो तेव्हा कान पिळले, त्यांचे उपकार आहेतच. पण हा धंदा कुणासाठी करायचा ते एका बाईने सुपातली डाळ पाखडता पाखडता दाखवलं. तिचे आभार मानायचे राहून गेले. तिच्यासमोर आभार-बिभार म्हटलं असतं, तर तिने मला पुन्हा वापस जा म्हटलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात केळझरला दर्शनाला निघालो होतो. ऊन मी म्हणत होतं. वाटेत एका विहिरीवर निंबाची सावली दिसली म्हणून मोपेड थांबवली, स्टँडवर लावली आणि पाण्याची बाटली काढली. विहिरीवरून एक तरणी बाई ओरडत आली. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, तिने मला नाही.

"ओ बाबा! गाडी तिकडं लावा. देवाच्या अंगावर लावून राह्यले!"

मी खाली पाहिलं. चाकाला लागून पाइपाचं तोंड, त्यावर शेंदूर, बाजूला सुकलेलं फूल. मी घाईघाईने गाडी सरकवली. ती बाई वाकून हातातल्या गडव्याने पाइपात पाणी सोडू लागली, हळूहळू, मुरू देत देत.

"कोनता देव होय हा, माय?" मी विचारलं.

"नाव नाई मालूम," ती म्हणाली. "चंद्रभागाबाईचा म्हनतात. उन्हायात याले रोज पानी टाकाचं. म्हंजे इहिरीवर गेलेला मानूस घरी येते."

मी चप्पल काढली. बाटलीतलं होतं नव्हतं ते पाणी पाइपात ओतलं आणि हात जोडले.